तारांकित प्रश्न

आपल्याकडे पूर्वी माणसाच्या नावाने एकच कागद निघत असे, तो म्हणजे जन्मपत्रिका. ती मांडणारे गुरुजी आणि वाचणारेही गुरुजीच. त्यामुळे यजमानाला त्यातले काही कळण्याची गरज नसे. 'शनी वक्री आहे' म्हटले की घाबरायचे आणि 'पण गुरूची दृष्टी आहे' म्हटले की दक्षिणा पुढे सरकवायची, एवढेच त्याचे काम. हल्ली आणखी एक कागद निघतो. रक्ततपासणीचा रिपोर्ट. हा वाचायला मात्र गुरुजी लागत नाही, अशी सर्वांची पक्की समजूत आहे. डावीकडे तपासणीचे नाव, मध्ये आपला आकडा, उजवीकडे तो किती असावा त्याची हद्द, आणि जो हद्दीबाहेर गेला त्याच्यापुढे एक ठळक चांदणी. चौथी पास झालेल्या माणसाला आणखी काय लागते?

म्हणून रिपोर्ट घरी आला की तो डॉक्टर सोडून सगळे वाचतात. थोरली काकू बीट किसायला घेते. शेजारचे निवृत्त हेडमास्तर पपईची पाने शोधायला बाहेर पडतात. धाकटे चिरंजीव मोबाइलवर त्या चांदणीचा अर्थ शोधतात आणि पाच मिनिटांत असा चेहरा करून येतात, की घरातल्यांनी विम्याचे कागद काढून ठेवावेत. ज्याचे रक्त, तो मात्र कोपऱ्यात बसून आपल्याला नेमके काय होत असावे याचा विचार करीत असतो. सकाळपर्यंत त्याला काहीच होत नव्हते.

आमच्या मामांच्या कागदावर अशा चार चांदण्या आल्या. मामा राजूरचे. राजूर म्हटल्यावर ज्यांना भंडारदऱ्याजवळचे राजूर आठवले, किंवा जालन्याकडचे गणपतीचे राजूर आठवून हात जोडले गेले, त्यांनी तेवढेच परत फिरावे. आमचे राजूर वणीजवळचे, यवतमाळ जिल्ह्यातले, कोळशाचे आणि चुन्याचे. गावात एका अंगाला काळी धूळ आणि दुसऱ्या अंगाला पांढरी. मधल्या माणसांचा जो काही रंग उरेल तो त्यांचा. १९७३ साली कोळशाच्या खाणी सरकारच्या झाल्या, त्याच साली मामा एकविसाव्या वर्षी खाणीत हजेरीबाबू म्हणून लागले आणि साठीला बाहेर पडले. खाणकामगाराची ठरावीक वर्षांनी तपासणी करावी असा कायदाच आहे, त्यामुळे छातीच्या फोटोला मामा घाबरत नाहीत. पण रक्ताच्या कागदावर चांदण्या त्यांनी प्रथमच पाहिल्या.

"पाय बरं भाचे, चार हायेत," मामा म्हणाले. "सप्तर्षीले तीन कमी पडल्या."

हिमोग्लोबिन १२.६, हद्द १३ पासून. ई.एस.आर. ३४. इओसिनोफिल नावाच्या पेशी शंभरात सात. चौथी चांदणी आरडीडब्ल्यू नावाच्या आकड्यापुढे होती, आणि ते काय असते हे वणीच्या लॅबवाल्या पोरालाही एका वाक्यात सांगता आले नाही.

मी मामांना म्हटले, ही चांदणी म्हणजे निकाल नव्हे. नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते, तिथे तारांकित प्रश्न असतो ना, तसे आहे हे. युनियनच्या मोर्च्याबरोबर मामा तीन-चार वेळा नागपूरला जाऊन आलेले, तेव्हा विधानसभेचे कामकाज त्यांना माझ्याहून जास्त माहीत. ते लगेच म्हणाले, "म्हंजे मंत्र्याले उभं राहून उत्तर द्या लागते. अन् उपप्रश्नबी इचारता येते." अगदी तसेच. चांदणी लागली म्हणजे एवढेच झाले, की प्रश्न दाखल झाला. उत्तर कोणीतरी तोंडी द्यायचे आहे आणि त्याला उपप्रश्न विचारायचे आहेत.

आता हा प्रश्न मुळात विचारतो कोण, म्हणजे ही हद्द आखली कोणी, हे पाहू गेल्यास मोठी गंमत आहे. १८५२ साली कार्ल फिअरोर्ट नावाच्या जर्मन प्राध्यापकाने रक्तातल्या तांबड्या पेशी प्रथम मोजल्या. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायची, म्हणजे आभाळातल्या चांदण्या मोजण्यापेक्षा फारसे सोपे नाही. एका मोजणीला तासन् तास जात. एका घनमिलिमीटरमध्ये सुमारे पन्नास लाख पेशी, हा त्या काळातला आकडा. अगदी थोड्या माणसांच्या रक्तावरून काढलेला, पण तो पुस्तकात गेला, आणि पुस्तकात गेलेला आकडा सहसा बाहेर येत नाही. पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला मॅक्सवेल विंट्रोब नावाच्या तरुण डॉक्टराला वाटले, की निरोगी माणसांचे रक्त एकदा आपणच मोजून पाहावे. आजारी माणसांचे रक्त सगळेच पाहत होते. धडधाकट माणसाला सुई टोचायची कल्पना फारशी कोणाला सुचली नव्हती.

हिमोग्लोबिनची कथा याहून घरगुती. साहली नावाच्या स्विस डॉक्टराने १९०२ साली एक साधे उपकरण काढले. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब आम्लात मिसळायचा, तो तपकिरी होतो. मग त्यात थेंब थेंब पाणी घालीत राहायचे, शेजारच्या तपकिरी काचेसारखा रंग येईपर्यंत. तो जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही नळी कित्येक वर्षे चालली. चहात किती दूध घातले म्हणजे 'बरोबर' रंग येतो यावर ज्या देशात सासू-सुनांचे एकमत होत नाही, तिथे खिडकीतल्या उजेडात धरलेल्या नळीवर दोन माणसांचे एकमत कितीसे होणार? एकाच बाईचे हिमोग्लोबिन सकाळी साडेदहा आणि दुपारी साडेअकरा भरले तर तिने मधल्या वेळात शिरा खाल्लाच पाहिजे असे नाही. आजची यंत्रे फार सरस आहेत, पण बोट दाबून रक्त काढणे, अंगातले पाणी आटणे, यांनी आकडा थोडासा हलतो तो अजूनही हलतो.

पुरुषाला १३, बाईला १२, गर्भवतीला ११ ह्या रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या १९६८ सालच्या अहवालाने पक्क्या केल्या. पण रिपोर्टवरच्या बहुतेक हद्दी अशा कोणी ठरवून दिलेल्या नसतात. त्यांची रीत अशी: पुष्कळ निरोगी माणसे गोळा करायची, त्यांचे आकडे ओळीने मांडायचे, खालच्या टोकाचे शंभरात अडीच आणि वरच्या टोकाचे अडीच बाहेर काढायचे, आणि मधल्या पंचाण्णवांची जी पट्टी राहील ती हद्द. म्हणजे, वाचकहो, जरा थांबून पाहा. बाहेर काढलेली ती पाच माणसे निरोगीच होती! वर्ग भरवताना आधीच ठरवून पाच जणांना बाकावर उभे करायचे, असा हा हिशेब. आता एका कागदावर एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या असतील, तर ठणठणीत माणसाच्याही कागदावर निदान एक चांदणी येण्याचा संभव शंभरात चौसष्ट इतका असतो. एकही चांदणी नसलेला कागद हाच खरे म्हणजे नवलाचा. ही भानगड ओळखूनच फिनलंडमधल्या ग्रॅसबेक नावाच्या शास्त्रज्ञाने १९६९ साली आपल्या सहकाऱ्याबरोबर असे सुचवले, की याला 'नॉर्मल' म्हणणे सोडा. ह्या फक्त ताडून पाहायच्या हद्दी आहेत. शास्त्रज्ञांनी ते ऐकले. आपल्याकडे दारात भेटलेला माणूस अजून "रिपोर्ट नॉर्मल आला ना?" असेच विचारतो.

चांदण्यांची संख्या वाढवली ती वॉलेस कोल्टर या अमेरिकन गृहस्थाने. बारीक भोकातून पेशी सोडायच्या, भोकातून वीज वाहती ठेवायची, आणि पेशी जाताना विजेला जो अडथळा होतो तो मोजायचा, अशी त्याची युक्ती. पहिले भोक म्हणे सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला पाडले होते. १९५३ साली त्याला पेटंट मिळाले. तोवर माणूस डोळे फोडून चार-पाच गोष्टी मोजायचा. आता यंत्र क्षणात वीस-पंचवीस ओळी छापते. मामांची ती चौथी चांदणी, आरडीडब्ल्यू, म्हणजे तांबड्या पेशी एकमेकींपेक्षा लहानमोठ्या किती आहेत त्याचे माप. यंत्राला ते आयते कळते, म्हणून ते सांगते.

ई.एस.आर.चे तर विचारूच नका. रक्त उभ्या नळीत ठेवले तर तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, एवढेच ते माप. १९१८ साली स्वीडनच्या फॉरेअसने त्याचा अभ्यास केला तो गरोदरपण ओळखता येईल का म्हणून! पाहतो तो काय, गरोदर बाईचा वाढतो, पण तापकऱ्याचाही वाढतो, क्षयाच्या रोग्याचा वाढतो, सांधे सुजलेल्याचा वाढतो, रक्त कमी असलेल्याचा वाढतो, आणि काही न होता नुसते वय वाढले तरी वाढतो. पुरुषाच्या वयाला दोनाने भागावे, तितपत ई.एस.आर. चालायचाच, असा एक ढोबळ नियम डॉक्टर लोक धरतात. मामांचे वय बहात्तर. निम्मे छत्तीस. आकडा चौतीस.

"म्हंजे हे चांदणी फुकटची निंघाली," मामा थोडे खट्टू होऊन म्हणाले. इओसिनोफिलचेही फारसे काही निघाले नाही. ते पोटातले जंत, सर्दी-दमा, अंगाला खाज अशा कारणांनी वाढतात, आणि मामांना दर थंडीत शिंकांचा हंगाम असतोच.

राहिली हिमोग्लोबिनची चांदणी. चारांतली सर्वांत किरकोळ दिसणारी. १३ च्या जागी १२.६, म्हणजे चाळीस पैशांची उधारी. पण डॉक्टरांनी नेमके तिथेच बोट ठेवले आणि मागचा कागद मागितला. मामा हजेरीबाबू असल्यामुळे त्यांच्या ट्रंकेत रेशनकार्डाखाली गेल्या आठ वर्षांचे सगळे कागद तारीखवार होते. गेल्या वर्षी १४.३, त्याआधी १४.१. शेजाऱ्याशी ताडून पाहण्यापेक्षा माणसाला त्याच्याच कालच्या रक्ताशी ताडून पाहणे केव्हाही बरे. मग उपप्रश्न सुरू झाले. संडास काळी होते काय? पोटात जळजळते काय? गोळ्या कोणत्या चालू आहेत? "गोळ्या कोन्त्याच नाही," मामा म्हणाले, आणि आतून मामींचा आवाज आला, "अन् गुडघ्याची कोन घेते?" ती दुखणे थांबवणारी गोळी मामा चार महिने रोज, दुकानातून आपली आपण आणून, चण्यासारखी खात होते. त्या गोळ्यांनी जठराला बारीक जखम होऊन रक्त थेंबाथेंबाने जाते. म्हाताऱ्या पुरुषाचे हिमोग्लोबिन उतरले तर ते कोठून गळते आहे हे आधी पाहायचे असते, लोहाची बाटली नंतर. दुर्बिणीने पाहिले, व्रण सापडला, गोळी बंद झाली. आरडीडब्ल्यूची चांदणीही यातलीच होती: लोह कमी पडू लागले की नव्या पेशी बारक्या निघतात आणि जुन्यांच्या मापाला जुळत नाहीत. चार चांदण्यांपैकी दोन अशा एकाच प्रश्नाच्या, आणि दोन नुसत्या शोभेच्या.

आपल्या मराठी मुलखाने रक्ताच्या शास्त्राला दोन मोठे तारांकित प्रश्न दिले आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. पहिला मुंबईचा. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी माणसे शोधली, की ज्यांचे रक्त तपासणीत 'ओ' गटासारखे दिसे पण 'ओ' गटाचे रक्त त्यांना चालत नसे. 'ओ' गटाच्या पेशींवरही जो एक मूळ पदार्थ असतो, तोच ह्यांच्या पेशींवर नव्हता. माणसे ठणठणीत, फक्त रक्त द्यायची वेळ आली तर त्यांना त्यांच्यासारख्याच दुसऱ्याचे लागे. जगभर आज तो गट 'बॉम्बे ब्लड ग्रुप' ह्या नावाने ओळखला जातो. शहराचे नाव बदलले, रक्ताचे तेच राहिले.

दुसरा प्रश्न आमच्या विदर्भाचा, आणि तो इतका निरुपद्रवी नाही. १९०४ साली शिकागोला दंतवैद्यक शिकायला आलेला ग्रेनाडा बेटावरचा एक तरुण दवाखान्यात दाखल झाला. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. डॉ. हेरिक यांनी १९१० साली ते प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दाखवले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. तोवर हे आफ्रिकेचे दुखणे अशीच समजूत होती. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत ते सापडले, आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी ह्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की मध्य भारतातही आहे. आज यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीच्या खेड्यांत 'सिकलसेल' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गोंडांत आहे, परधानांत आहे, आणि इतरही अनेक समाजांत आहे. विळा जात विचारून फिरत नाही.

मामांच्या शेजारी चुन्याच्या भट्टीवर काम करणाऱ्याची मुलगी आहे. लहानपणापासून हाडे दुखतात म्हणून रडायची. शाळेत गैरहजेरी, डोळे पिवळसर. पोरगी आळशी आहे असे एकाने म्हणावे, दृष्ट लागली असे दुसऱ्याने. हिमोग्लोबिन ७.४, चांदणी होतीच. आणि त्या चांदणीचे एकच उत्तर सगळ्यांना पाठ असल्यामुळे पोरीने लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या. तिचा ई.एस.आर. मात्र अगदी हद्दीत, चांदणी नाही. घरच्यांना त्याचाच आधार वाटे. आता यातली मेख अशी, की विळ्याच्या आकाराच्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, त्यामुळे त्या भरभर खालीही बसत नाहीत. ज्याच्या चांगुलपणावर घर विसंबले होते, तो आकडा आजारामुळेच चांगला दिसत होता. शेवटी एका डॉक्टरने रक्ताचा थेंब विरघळून पाहण्याची साधी तपासणी केली. नळी गढूळ झाली, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनात. पुढच्या तपासणीत ठरले: एसएस. लोह कमी नव्हतेच. तांबड्या पेशीच लवकर मोडत होत्या. आता तिला फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया चालू आहे, पाणी भरपूर प्यायचे, थंडीत जपायचे. दुखणे गेलेले नाही. पण तिला आळशी म्हणायचे गल्लीने सोडले आहे. त्याला अकरा वर्षे लागली.

आणि तिच्या आईबापांचे कागद? एकही चांदणी नाही. दोघेही एएस, म्हणजे एक जनुक चांगला, एक विळ्याचा. असा माणूस सहसा आजारी नसतो, त्याचे साधे रक्त बहुधा हद्दीत भरते, इतकेच नव्हे तर १९५४ साली अ‍ॅलिसन यांनी दाखवले त्याप्रमाणे जीवघेण्या मलेरियापासून त्याला थोडे संरक्षणही मिळते. जंगलपट्टीत हा दोष टिकून राहिला तो त्यामुळेच. विधानसभेत अतारांकित प्रश्नही असतात, त्यांचे उत्तर तोंडी मिळत नाही, लेखी मागावे लागते. एएसचे तसेच आहे. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी मुद्दाम मागावी लागते. दोन एएसचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणी मूल एसएस होण्याचा संभव चारांत एक, आणि पहिल्या वेळी सुटलो म्हणून दुसऱ्या वेळी सूट नाही. एएस आणि एए असे जमले तर एसएसची भीती नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, आदिवासी भागांतल्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरवून; तिच्यात माणसाच्या हाती कार्ड देण्याची योजना आहे ती ह्यासाठीच.

त्या मुलीच्या धाकट्या काकाचे लग्न गेल्या वर्षी ठरत होते. तोही एएस. मारेगावकडच्या एका घरी बैठक बसली, वडीलधारे म्हणून मामांना नेले, आणि मामांबरोबर मी. पोहे झाले, देण्याघेण्याचे झाले, पत्रिका जुळते हेही कोणी सांगितले. मग मामांनी घसा साफ केला आणि विचारले, "पोरीची सिकलसेल तपासणी झाली काय?"

बैठक एकदम गार पडली. मुलीचे वडील म्हणाले, "दाजी, आमच्या घरात असं काही नाही. पोरगी ठणठणीत हाये."

"आमचा पोरगाबी ठणठणीतच हाये," मामा म्हणाले. "भट्टीवर दोन माणसाचं काम करते. तरी त्याच्या कागदावर एएस लिवलं हाये, अन् ते मी तुमाले आधी सांगून राह्यलो. आता तुमचं सांगा."

कोणी काही बोलेना. मुलाने मान खाली घातलेली. तेवढ्यात आतल्या दारातून मुलगीच बाहेर आली. "कॉलेजात कॅम्प आला होता, तवा झाली माझी तपासणी," ती म्हणाली, आणि ट्रंक उघडून तिने एक कार्ड आणून ठेवले. ते हातोहात फिरले. प्रत्येकाने उलटसुलट करून गंभीरपणे पाहिले आणि पुढच्याकडे दिले. शेवटी ते मामांकडे आले. कार्डावर 'एए' अशी दोनच अक्षरे होती. मामांनी ती दोनदा वाचली, कार्ड मुलीच्या हाती परत दिले, आणि इतका वेळ निवत ठेवलेला चहा उचलला.